गावाशी न जुळणारा नॉईज पंक बँड: भांडण नेमके कशाशी आहे?

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे. तुम्ही चौघे मेरीलँडमध्ये शिकता, दीड वर्षापासून नॉईज पंक, म्हणजे गोंगाटालाच संगीत मानणारे पंक, वाजवता, आणि गेल्या आठ महिन्यांत मिळालेल्या सहा कार्यक्रमांपैकी चारांमध्ये निम्मी खोली तुमच्या डोळ्यांदेखत रिकामी झाली. भोवतालचे पंक वर्तुळ हार्डकोरचे, म्हणजे आखूड आणि अतिवेगवान पंक गाण्यांचे, आहे आणि तुमची गाणी संथ, लांब व फीडबॅकने (स्पीकरचा आवाज पुन्हा गिटारमध्ये किंवा माइकमध्ये शिरून उठणाऱ्या शिळेने, घुमण्याने) भरलेली आहेत. एका गाण्यात तुम्ही त्याच वर्तुळाच्या एकसारख्या पेहरावावर आणि ठरीव घोषणांवर टीका केली आहे. गेल्या महिन्यात शेवटच्या गाण्यानंतर गिटारवादकाने गिटार ॲम्प्लिफायरला टेकवून ठेवली, गायकाने माइक मॉनिटरवर (वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरवर) ठेवला, सगळे खाली उतरले आणि तो आवाज दहा मिनिटे तसाच चालू राहिला. त्यानंतर आयोजकाने तुम्हाला पुन्हा बोलावणार नाही, असे जाहीरपणे लिहिले. आता संगीत बदलावे, दुसऱ्या शहराकडे वळावे, की त्यांना तितक्याच जाहीरपणे उत्तर द्यावे, असे तुम्ही विचारता.

मी गेली बावीस वर्षे वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर परिसरातील लहान जागांमध्ये साऊंड इंजिनिअर म्हणून काम करते. मी वादक नाही. माझी जागा मिक्सरमागे, बहुतेक वेळा खोलीच्या मागच्या भिंतीशी असते, आणि तेथून बँडपेक्षा श्रोत्यांच्या पाठी अधिक दिसतात. माणसे केव्हा कानाकडे हात नेतात, केव्हा दाराकडे पाहतात आणि केव्हा नकळत एक पाऊल पुढे सरकतात, हे पाहण्यात माझे आयुष्य गेले आहे. त्यामुळे मी जे सांगेन ते त्या जागेवरून दिसलेले असेल.

तुमच्या प्रश्नात ‘ते आम्हाला स्वीकारत नाहीत’ हे वाक्य पुनःपुन्हा आले आहे, पण प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ निराळा आहे. लोक बाहेर गेले, हा एक नकार झाला. टीकेचे गाणे झोंबले, हा दुसरा. आयोजकाने दार बंद केले, हा तिसरा. पहिला कानांचा आहे, दुसरा विचारांचा आहे आणि तिसरा निव्वळ व्यवहाराचा आहे. तिघांची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे. तुम्ही तिन्ही एकत्र बांधून ‘विरोध’ असे नाव दिले आहे, आणि माझ्या मते तुमची खरी अडचण ती आहे. नॉईज पंक बँडने गावाशी भांडावे, त्याशिवाय त्याला अर्थ उरत नाही, असे मी मनापासून मानते. मात्र ते भांडण गाण्यात असावे. खोली चालवणाऱ्या माणसांच्या वेळेशी, त्यांच्या सामानाशी आणि ऐकणाऱ्यांच्या कानांच्या आरोग्याशी ते असू नये.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. मी तुम्हाला प्रत्यक्ष वाजवताना ऐकलेले नाही. जागा घराचे तळघर आहे, दारूपरवाना असलेला क्लब आहे की चर्चचे सभागृह आहे, यावर बरेच काही ठरते. आयोजक पगारी आहे की कॉलेज सांभाळून स्वतःच्या खिशातून भाडे भरणारा एखादा तरुण आहे, यावर त्याहूनही अधिक ठरते. तुमच्या वर्णनावरून तो दुसऱ्या प्रकारचा असावा, असे धरून मी पुढे लिहिते.

आता या भूमीचा थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे, कारण तुम्ही ज्या परिसरात वाजवत आहात तेथेच हे भांडण चाळीस वर्षांपूर्वी एकदा होऊन गेले आहे. वॉशिंग्टनचे हार्डकोर वर्तुळ १९८० च्या सुमारास शाळकरी मुलांनी उभे केले. इयन मॅकाय आणि जेफ नेल्सन यांनी त्याच वर्षी आपल्या ‘टीन आयडल्स’ या बँडची छोटी तबकडी काढण्यासाठी डिस्कॉर्ड ही रेकॉर्ड कंपनी सुरू केली. तबकडीची वेष्टने त्यांनी आणि मित्रांनी हातांनी कापून, दुमडून, डिंक लावून तयार केली. अल्पवयीन मुलांना क्लबमध्ये प्रवेश मिळत नसे. कॅलिफोर्नियाच्या दौऱ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबने त्यांच्या हातांवर काळ्या शाईने फुली मारून, म्हणजे दारू न देण्याची खूण करून, त्यांना आत घेतले. परत आल्यावर त्यांनी तीच युक्ती वॉशिंग्टनच्या ९:३० क्लबला सुचवली आणि सर्व वयांच्या श्रोत्यांसाठी दार उघडले गेले. तुम्हाला आज त्या वर्तुळाचा पेहराव आणि त्याच्या घोषणा खटकतात. परंतु या परिसरात अल्पवयीन मुलांनाही पंक ऐकायला मिळावे, ही व्यवस्था याच मंडळींच्या हट्टातून आली आहे. हे ध्यानात ठेवून मग टीका करावी.

१९८२ मध्ये वॉशिंग्टनच्या उत्तरेला, मेरीलँडच्या अ‍ॅश्टन या उपनगरी गावात ‘नो ट्रेंड’ नावाचा बँड निघाला. तुम्हाला तो ठाऊक असेल अशी माझी समजूत आहे; नसेल तर आजच ऐकावा. हार्डकोर तेव्हा भरात होते, मिनिटभराची गाणी अतिवेगाने वाजत होती, आणि जेफ मेंट्जेस व त्याच्या सोबत्यांनी नेमका उलटा रस्ता धरला. त्यांनी वेग उतरवला. एकच बासची ओळ गाणेभर फिरत ठेवली, तिच्यावर गिटारचा खरवडल्यासारखा गोंगाट पसरला आणि वर निर्विकार, कंटाळलेल्या आवाजात माणसांच्या कळपवृत्तीविषयी सांगितले. बँडच्या नावातच त्यांची भूमिका होती. प्रस्थापिताविरुद्ध बंड करणारी मुले स्वतःच एका साच्यातून निघाल्यासारखी दिसू लागली आहेत, हा त्यांचा आरोप होता, आणि तो त्यांनी त्याच मुलांसमोर उभे राहून केला. १९८३ मध्ये त्यांची पहिली छोटी तबकडी आली, १९८४ मध्ये पहिला अल्बम. दोन्ही त्यांनी स्वतःच्या लेबलवर, म्हणजे स्वतःच्याच रेकॉर्ड कंपनीकडून, काढले.

या बँडची गोष्ट सांगताना लोक सहसा त्यांच्या तिरस्काराबद्दल बोलतात. मला त्यांच्या रचनेबद्दल बोलायचे आहे, कारण तुमच्या पहिल्या अडचणीचे उत्तर तेथे आहे. त्यांची सुरुवातीची गाणी कितीही कर्कश वाटली तरी बास आणि ड्रम एका जागी घट्ट रोवलेले असतात. गिटार वाटेल तिकडे जाते, पण ऐकणाऱ्याच्या हाती धरायला एक दोर राहतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘फ्लिपर’ या बँडनेही हेच केले होते. १९७९ मध्ये निघालेला हा बँड हार्डकोरच्या श्रोत्यांना मुद्दाम संथपणे छळत असे. ब्रूस लूज आणि विल शॅटर आळीपाळीने बास वाजवत आणि गात, आणि टेड फाल्कोनीची गिटार त्या बासवर धुरासारखी पसरलेली असे. १९८२ च्या त्यांच्या अल्बममधले शेवटचे गाणे जवळजवळ आठ मिनिटे चालते आणि ते सगळे एकाच बासच्या ओळीवर उभे आहे. लोकांनी आधी शिव्या दिल्या. पण ती ओळ डोक्यात घेऊन ते घरी गेले. पुढे १९८४ मध्ये ब्लॅक फ्लॅगसारख्या आघाडीच्या हार्डकोर बँडने आपल्या अल्बमची अख्खी दुसरी बाजू तीन संथ, जड गाण्यांना दिली, तेव्हा त्यांच्याच चाहत्यांपैकी अनेक जण नाराज झाले; आणि तरीही नंतरच्या दशकातील जड संगीताला त्या बाजूने वाट दाखवली.

हार्डकोरचा श्रोता अंगाने ऐकतो. पुढचा ठोका कोठे पडणार हे त्याच्या पायांना आधी कळते, म्हणून तो धावतो, आपटतो, उसळतो. तुम्ही वेग अर्ध्यावर आणता तेव्हा त्याचे अंग अडखळते; हे अडखळणे तुम्हाला हवेच आहे. परंतु त्याच वेळी ठोकाही काढून घेतला, बासही विस्कटली आणि सगळेच एका पातळीवर किंचाळत राहिले, तर अडखळायलाही जमीन उरत नाही. मग माणूस चिडत नाही, तो फक्त कंटाळतो आणि बाहेर जाऊन फोन पाहतो. चिडलेला श्रोता खोलीत थांबतो, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. निम्मी खोली शांतपणे निघून जाते, तेव्हा बहुतेक वेळा तिला तुमच्याशी भांडण्यासारखे काही सापडलेले नसते. तुमच्या बासवादकाने एका गाण्यात तरी काहीही न बदलता सहा मिनिटे एकच ओळ वाजवून पाहावी. हे ऐकायला सोपे आहे, करायला फार कठीण.

कानांच्या नकाराचे दुसरे कारण याहून साधे आहे आणि त्याकडे बँड कधीच पाहत नाहीत. साठ माणसांच्या खोलीत ध्वनियंत्रणेतून सहसा फक्त गायकाचा आवाज जातो. गिटार, बास आणि ड्रम आपापल्या जागेवरूनच ऐकू येतात. गिटारचा कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी, जमिनीवर असतो, म्हणजे त्याच्या स्पीकरचे तोंड गिटारवादकाच्या पोटऱ्यांकडे असते. उंच स्वर स्पीकरमधून टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. ते वादकाच्या पायांजवळून निघून जातात, त्याला ते ऐकू येत नाहीत, म्हणून तो ट्रेबल वाढवत राहतो. आणि तीन-चार मीटरवर, त्या झोताच्या वाटेत उभ्या असलेल्या माणसाच्या कानात तो सळईसारखा शिरतो. माणसाचा कान साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वाधिक हळवा असतो आणि विकृत केलेल्या गिटारचा कर्कश फीडबॅक बऱ्याचदा तेथेच बसतो. ढोल-ताशाच्या मिरवणुकीत उभे राहिलेल्या कोणालाही हा फरक ठाऊक आहे: ढोलासमोर अर्धा तास उभे राहता येते, ताशाच्या तोंडाशी पाच मिनिटे राहवत नाही.

काही वर्षांपूर्वी काँक्रीटच्या भिंती असलेल्या एका तळघरात मी तीन जणांच्या नॉईज बँडसाठी काम केले. दुसऱ्याच गाण्यात लोक जिन्याकडे निघाले. मी श्रोते उभे होते तेथे मापक धरला, तर सलग १११ डेसिबल दिसत होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेचा (NIOSH) हिशेब असा आहे की ८५ डेसिबलला आठ तास चालतात आणि दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. त्याप्रमाणे १०० डेसिबलला पंधरा मिनिटे मिळतात आणि १११ ला जेमतेम सव्वा मिनिट. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या जागांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. त्या रात्री निघून गेलेल्या माणसांनी संगीतावर काही मत दिलेच नव्हते. त्यांच्या शरीराने त्यांना बाहेर नेले होते. बँडला मात्र वाटले, गावाला आपण कळलो नाही.

दोन आठवड्यांनी त्याच तळघरात आम्ही तीन गोष्टी केल्या. गिटारचा कॅबिनेट खुर्चीवर चढवून मागे कलता केला, म्हणजे झोत वादकाच्या स्वतःच्या कानाकडे आला. त्याने कोणी न सांगता ट्रेबल कमी केला. पन्नास जोड्या इअरप्लग दाराशी वाडग्यात ठेवले. आणि सर्वांत मोठ्या आवाजाच्या जागेच्या आधी बँडने पूर्ण अर्धा मिनिट फक्त हाय-हॅट (ड्रमच्या संचातली झांजांची जोडी) वाजवली. एकूण आवाज सहा-सात डेसिबलने उतरला, पण त्या अर्ध्या मिनिटानंतरचा स्फोट पहिल्या रात्रीपेक्षा मोठा वाटला, कारण कान तुलनेने ऐकतो. गाणी तीच होती. माणसे थांबली. त्यांतल्या काहींना ते आवडले नाही आणि त्यांनी तसे बँडला तोंडावर सांगितले, आणि ते उत्तम झाले.

म्हणून संगीत बदलावे का, या तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे: गावाच्या आवडीसाठी एकही स्वर बदलू नये, पण तुम्हाला जे ऐकवायचे आहे ते खोलीत प्रत्यक्ष ऐकू येते का, हे तपासल्याशिवाय ‘त्यांना कळले नाही’ असे म्हणू नये.

आता विचारांचे भांडण. तुमच्या टीकेच्या गाण्याबद्दल मला काळजी वाटत नाही. ‘नो ट्रेंड’ने तेच केले आणि त्यांची टीका टिकली, कारण ती सवयींवर होती. गावातील अमुक आयोजक, तमुक गायक अशी माणसे निवडून गाणे लिहिले, तर ते सहा महिन्यांत शिळे होते आणि खोलीबाहेरच्या कोणालाही कळत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. १९८४-८५ च्या सुमारास वॉशिंग्टनच्या वर्तुळातील मंडळींनीच, आपल्या कार्यक्रमांतील मारामाऱ्यांना आणि तोचतोचपणाला विटून, जाणीवपूर्वक नव्या तऱ्हेचे बँड उभे केले. ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’ हे त्यांतले ठळक नाव. बाहेरून कोणी दोष दाखवला म्हणून हे घडले, असे मी म्हणत नाही. पण जी घुसमट तुम्हाला बाहेर उभे राहून जाणवते ती आत उभ्या असलेल्यांनाही जाणवत असते, हे त्यातून दिसते. तुमच्या कार्यक्रमात थांबलेल्या निम्म्या लोकांमध्ये अशी दोन-तीन माणसे नक्की असतील. तुमचा खरा श्रोता तो आहे, आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता त्याच वर्तुळाच्या खोलीतून जातो.

टीका करणाऱ्याने ती स्वतःलाही लावावी, हे ‘नो ट्रेंड’कडून शिकण्यासारखे आहे. कोणत्याही ट्रेंडच्या मागे जायचे नाही असे म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या आवाजालाही ट्रेंड बनू दिले नाही. १९८५ च्या अल्बममध्ये न्यूयॉर्कच्या लिडिया लंच त्यांच्यासोबत गायल्या. १९८६ मध्ये टच अँड गो या लेबलवर आलेल्या अल्बममध्ये फुंकून वाजवायची वाद्ये आणि हॉटेलच्या लाउंजमध्ये शोभेल असे संगीत ऐकू येते. पहिल्या तबकडीवर प्रेम करणाऱ्यांपैकी कितीतरी जण तेथे गळाले असतील. त्यानंतरचा, १९८७ मध्ये ध्वनिमुद्रित केलेला अल्बम प्रकाशित व्हायला २००१ साल उजाडले. ही किंमत लहान नाही. तुम्हा चौघांची ती द्यायची तयारी आहे का, हे आपसात मोकळेपणाने बोलून घ्यावे, कारण बँड बहुधा गावाच्या विरोधाने फुटत नाहीत. चौघांपैकी दोघांना टाळ्या हव्या असतात आणि दोघांना नको असतात, तेव्हा फुटतात.

व्यवहाराच्या भांडणाकडे मी सर्वांत शेवटी येत आहे, पण तुमचे दार त्यानेच बंद झाले आहे. त्या दहा मिनिटांत काय घडले, ते मिक्सरमागून सांगते. पुढचा बँड सामान घेऊन कडेला उभा होता. बहुतेक लहान जागांना रात्री ठरावीक वेळेला आवाज बंद करावा लागतो, नाहीतर शेजारी तक्रार करतात. तेव्हा तुमची दहा मिनिटे शेवटच्या बँडच्या दोन-तीन गाण्यांतून वजा झाली. माइक मॉनिटरवर ठेवल्यामुळे जी शीळ उठली ती बहुतांशी उंच स्वरांची असते, आणि स्पीकरमधला उंच स्वरांचा ड्रायव्हर नाजूक असतो. संगीतातले क्षणिक टोक तो सोसतो, पण सलग एका स्वराची शीळ काही मिनिटे दिली तर त्याच्या आतली बारीक तारेची कॉइल जळू शकते. तो बदलण्याचा खर्च त्या रात्री दाराशी जमलेल्या तिकिटांच्या सगळ्या पैशांएवढा होऊ शकतो. आयोजकाला तुमचे संगीत आवडले की नाही, हा मुद्दा तेथे उद्भवतच नाही. त्याला आपली खोली वाचवायची होती.

फीडबॅकने कार्यक्रम संपवू नये, असे माझे म्हणणे नाही. नॉईज बँडसाठी काम करायला मला आवडते आणि फीडबॅक हे त्याचे वाद्य आहे, म्हणूनच ते वाद्यासारखे वापरावे. गिटारचा फीडबॅक ॲम्प्लिफायरपासूनच्या अंतरावर आणि कोनावर ठरतो. अर्धे पाऊल सरकले की वेगळा स्वर धरतो. सरावाच्या खोलीत जमिनीवर टेपच्या खुणा करून तुमचे चार-पाच स्वर शोधून ठेवता येतात. खालचा, घुमणारा स्वर खोलीला भरून टाकतो आणि कानांना तितका टोचत नाही. गायकाच्या माइकचा फीडबॅक ही निराळी बाब आहे. माइकची जाळी मुठीत पकडली की मागून येणारा आवाज रोखण्याचा त्याचा गुण नाहीसा होतो आणि मॉनिटर शीळ घालू लागतो. इंजिनिअरला वाटते ती चूक आहे, म्हणून तो आवाज खाली ओढतो. तुम्हाला वाटते तो तुमचे गाणे दाबतो आहे. साऊंड चेकच्या वेळी दोन मिनिटे बोलून ‘तिसऱ्या गाण्यात अमुक ठिकाणी शीळ हवी आहे, वीस सेकंद, बाकी कोठेही उठली तर कापा’ एवढे सांगितले, तर तोच इंजिनिअर ती शीळ सांभाळून, स्पीकर न जाळता तुम्हाला देतो. मला असे सांगणारे बँड वर्षाला दोन-तीन भेटतात आणि त्यांच्यासाठी मी जिवापाड काम करते.

वेळेबाबतही असेच आहे. १९७८ च्या न्यूयॉर्कमध्ये, लिडिया लंच यांच्या ‘टीनेज जीझस अँड द जर्क्स’ या बँडचे कार्यक्रम दहा मिनिटांच्या आसपास संपत. गोंगाटाला आखूड वेळ फार मानवतो. तुम्हाला पंचवीस मिनिटे मिळाली तर अठरा वाजवावीत, सामान तीन मिनिटांत उचलावे आणि उरलेली चार मिनिटे पुढच्या बँडला द्यावीत. मग त्या बँडचा कार्यक्रम पुढे उभे राहून पूर्ण ऐकावा, तो कितीही नावडता असला तरी. गावाला तुमच्या संगीताचा राग येऊ द्यावा. तुमच्या वागण्याचा राग आला की संगीताचा राग येण्याची संधीच जाते.

याच्या उलट टोकाचे उदाहरण जपानमध्ये घडले. ओसाकाच्या ‘हानाताराश’ या नॉईज बँडच्या यामात्सुका आय यांनी १९८५ मध्ये टोकियोच्या एका छोट्या सभागृहात चक्क खोदकामाचे यंत्र आणून भिंत फोडली. श्रोत्यांकडून आधीच जोखमीच्या कागदावर सह्या घेतल्या होत्या. ती रात्र दंतकथा झाली हे खरे. पण त्यानंतर कित्येक वर्षे त्या बँडला जागा मिळणे दुरापास्त झाले. आय यांचे जे संगीत जगभर पोहोचले ते नंतरच्या ‘बोअरडम्स’ या बँडचे, आणि ते पोहोचले ते खोल्या शाबूत ठेवूनच.

शहर बदलण्याविषयी. बाल्टिमोर तुमच्यापासून तासाभरावर आहे आणि तेथे प्रायोगिक संगीताची परंपरा जुनी आहे. उत्स्फूर्त, प्रायोगिक संगीताचा ‘हाय झीरो’ महोत्सव तेथे १९९९ पासून होत आला आहे. तेथे जाऊन अवश्य वाजवावे. मात्र तेथील श्रोता शांत बसून, लक्ष देऊन ऐकतो. तो तुमच्यावर चिडणार नाही. तुमच्या गाण्यांना कोणीतरी विरोधात उभे असण्याची गरज आहे, असे मला वर्णनावरून वाटते, आणि पूर्णपणे कौतुकाच्या खोलीत गेलात तर ती गाणी सैल पडतील. म्हणून स्थलांतर न करता ये-जा ठेवावी. त्याहून चांगले म्हणजे, वर्षातून दोनदा स्वतःच कार्यक्रम लावावा: एक हार्डकोर बँड, एक उत्स्फूर्त वादन करणारी मंडळी आणि मध्ये तुम्ही. हार्डकोर बँड पहिला ठेवावा, म्हणजे त्याचे मित्र तुमच्या वेळी खोलीतच असतील. स्वतः भाडे भरून, दाराशी बसून, पैसे वाटून एक रात्र काढली की त्या आयोजकाच्या दहा मिनिटांचा हिशेबही तुम्हाला आपोआप कळेल.

राहिले जाहीर उत्तर. ते देऊ नये. आयोजकाला फोन करावा, त्या दहा मिनिटांबद्दल स्पष्ट शब्दांत माफी मागावी, स्पीकरला काही झाले आहे का ते विचारावे आणि झाले असल्यास खर्चाचा वाटा द्यावा. टीकेच्या गाण्याबद्दल मात्र माफी मागू नये. तो विषय त्याने काढलाच, तर गाणे तसेच राहील हे शांतपणे सांगावे. कदाचित तो तरीही बोलावणार नाही. असे झाले तर दुसरा आयोजक शोधावा. हे वर्तुळ लहान आहे आणि माफी मागितल्याची बातमी भांडणाच्या बातमीइतकीच लवकर फिरते.

पुढचा कार्यक्रम मिळाला की एक काम अवश्य करावे. ध्वनिमुद्रण मिक्सरवरून घेऊ नये, कारण लहान खोलीत त्यात फक्त गायकाचा आवाज येतो आणि बाकीचे भुतासारखे मागे ऐकू येते. एखाद्या मित्राला साधे रेकॉर्डर देऊन खोलीच्या मध्यभागी, कानाच्या उंचीवर उभे करावे आणि त्याला एक पाऊलही हलू देऊ नये. ते ध्वनिमुद्रण चौघांनी एकत्र बसून अखेरपर्यंत ऐकावे, आणि लोक कोणत्या मिनिटाला निघाले ते कागदावर लिहून ठेवावे. ते आणि तो कागद मला पाठवलात, तर मी आतापेक्षा नेमके काही सांगू शकेन.